जर्मनी हरली त्या दिवशी

मुलगा झाला की लोक पेढे वाटतात. विजयाच्या जन्माला मात्र अख्ख्या उज्जैनात पेढे वाटले गेले, आणि तेही सरकारी खर्चानं. निदान तिचे वडील, बापू सबनीस, तसं सांगायचे. तारीख आठ मे एकोणीसशे पंचेचाळीस. तिकडे जर्मनी शरण आली, इकडे बापूंच्या घरी मुलगी झाली, कोठीच्या राजवाड्यावर रोषणाई झाली आणि शाळेशाळेतून पोरांच्या हातावर पेढे ठेवले गेले. "हिटलर हरला तेव्हा कुठं ही बाहेर यायला तयार झाली," असं बापू पाहुण्यांना सांगायचे. पाहुणेही दर वेळी हसायचे, कारण चहा अजून यायचा असायचा.

बापू म्हणजे शिंदे सरकारच्या सुभे कचेरीतले कारकून. पूर्वज शिंद्यांबरोबर दक्षिणेतून आलेले, दप्तर सांभाळणारे. बापूंच्या वाट्याला एक टेबल, एक दौत आणि कचेरीत येणारा पेपर एवढंच आलं होतं. पण त्या पेपरच्या जोरावर हा गृहस्थ साऱ्या जगाचा कारभार बघायचा! घरातली कुठलीही गोष्ट त्यांना जगाच्या तारखेनंच आठवायची. थोरल्या शैलाचे कान टोचले ते पोलंड पडलं तेव्हा. बायकोला विषमज्वर झाला तो सिंगापूर पडलं तेव्हा. बायको त्या तापात मरता मरता वाचली, पण बापू ती गोष्ट सांगायला लागले की सिंगापुरातच अर्धा तास जायचा.

विजयाला हे सगळं फार आवडायचं. सावळी, दात पुढं आलेले, त्यात दुसरी मुलगी. अशा पोरीनं मिरवावं तरी कशाच्या जोरावर? शैला गोरी होती, तिला कौतुक फुकटात मिळायचं. विजयाजवळ आठ मे होता. वर्गात कुणी चिडवलं की ती म्हणायची, "माझ्या जन्माला सरकारनं दिवे लावले होते. तुझ्या?"

आता शाळेच्या दाखल्यावर मात्र तिची तारीख एक जुलै त्रेचाळीस अशी लागली होती. त्यात काही नवल नाही. शाळा एक जुलैला उघडायची, गुरुजी निम्म्या वर्गाचा जन्म त्याच दिवशी उरकून टाकायचे. वर्ष कसं चुकलं, तर बापू म्हणायचे, "मीच दोन वर्षं वाढवून सांगितली. घरी बसून करायचीय काय?" झालं. कुणी पुढं विचारलं नाही.

तिसरी तारीख आली लग्नाच्या वेळी. एकाहत्तर साल उजाडलं तरी विजयाचं जमेना. पोरगी सहकारी बँकेत नोकरीला, पण सव्वीस वर्षांची घोडी, असं आमच्यातल्या बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या. तेव्हा बापूंनी ते केलं जे तेव्हा बऱ्याच मुलींचे बाप करायचे, आणि कुणी कबूल करायचे नाहीत. ओळखीच्या जोशांकडून नवी पत्रिका करून आणली. तीन वर्षं कमी. बरं, खोटी तारीख तरी साधी घ्यावी की नाही? नाही! बापूंनी निवडली अठ्ठावीस मे अठ्ठेचाळीस, म्हणजे मध्य भारत राज्य जन्मलं तो दिवस. खोटं बोलतानासुद्धा त्यांना इतिहास लागायचा.

त्या पत्रिकेवर सुहास पोतनीसाचं स्थळ जुळलं. सुहास कापडाच्या गिरणीत ऑफिसात होता, जन्म जानेवारी सत्तेचाळीसचा. म्हणजे खरं बघता बायको नवऱ्याहून पावणेदोन वर्षांनी मोठी. सासरी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि माहेरचं कुणी बोलणार नव्हतं. लग्न डिसेंबरात लागलं, पाकिस्तानशी लढाई ऐन भरात असताना. दिव्यांच्या माळा नाहीत, बँड नाही, निम्मे पाहुणे गाड्यांत अडकलेले. बापू मात्र खूश. "ढाका पडतंय आणि माझी विजया सासरी जातेय," असं म्हणत मांडवभर फिरत होते. मुलीनं रडावं की हसावं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

लग्नानंतर सुहासची एक आवडती थट्टा होती. दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की तो म्हणायचा, "आम्ही गुलाम देशात जन्मलो बाई. तू अठ्ठेचाळीसची, तुला पारतंत्र्य काय माहीत?" तीस वर्षं हीच थट्टा. तीस वर्षं विजया खाली मान घालून हसली. तिच्या खऱ्या वाढदिवशी, आठ मेला, ती काहीतरी निमित्त काढून शिरा करायची आणि एकटीच मनात म्हणायची, आज माझा दिवस.

सासूबाई, अंबिकाबाई, त्यांना सगळे माई म्हणत. देवासच्या दप्तरदारांची लेक. अंगानं काडी आणि जिभेनं कट्यार. लग्नानंतर मूल झालं नाही, तेव्हापासून माईंनी विजयाला नावानं हाक मारणं सोडलं. "अहो बँकवाल्या, पोळ्या करून जा." माधव नगरातल्या दोन खोल्यांत हे रोज सकाळी चालायचं. दहा वाजता विजया फ्रीगंजातल्या शाखेची पायरी चढायची तेव्हा कुठं तिच्या छातीत पुरता श्वास जायचा. खरं सांगायचं तर ती नोकरीसाठी घराबाहेर पडत नव्हती, घराबाहेर पडायला नोकरी करत होती.

आणि त्या बँकेत तिला एकच गोष्ट हवी होती, मॅनेजरची खुर्ची. काचेच्या केबिनमधली, पाठ उंच असलेली. तिच्यामागून आलेले पुरुष तिच्यापुढं जाऊन त्या खुर्चीवर बसून निवृत्त झाले. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "पोतनीस मॅडमना घर असतं ना." घर! तिकडे बर्लिनची भिंत पडली, रशियाचे तुकडे झाले, देशाचं सोनं विमानात घालून गहाण पडलं, इकडे बँकेत कॉम्प्युटर आले. सुहासची गिरणी बंद पडली, तो घरी बसला तो बसलाच. टावर चौकात जीन्सची दुकानं लागली आणि पैसे देणारं मशीन आलं. विजया पन्नाशीत चष्मा पुसून कॉम्प्युटर शिकली, पोरांच्या आधी शिकली. शेवटी दोन हजार एक साली वरच्यांना पटलं. मॅनेजर दीक्षित एकतीस जुलैला निवृत्त होणार आणि यादीत पहिलं नाव विजयाचं होतं.

आणि दाखल्याप्रमाणे विजया अठ्ठावन्न पुरी करून निवृत्त होत होती तीस जूनला. एक महिना! गुरुजींच्या शाईच्या एका ठिपक्यानं तिची बत्तीस वर्षांची वाट एका महिन्यानं चुकत होती.

तिनं अर्ज केला. जन्मतारीख चुकीची लागली आहे, खरी आठ मे पंचेचाळीस, तेव्हा आणखी दोन वर्षं मिळावीत. हेड ऑफिसातून विक्रांत नावाचा अधिकारी आला, इंदूरचा, तिशीतला, बोलायला गोड. "मॅडम, मला तुमचं पटतं. पण बड़े साहब मानेंगे नहीं. त्या काळात लिहिलेलं काही आहे का? जन्माच्या वेळचं? पत्रिका चालते, डायरी चालते. पंधरा जूनपर्यंत आणा, मी पास करून घेतो, वादा."

पत्रिका? जी होती ती तर अठ्ठेचाळीसची. ती दाखवली असती तर हसं झालं असतं. खरी बापूंनीच फाडून बंबात घातली होती. बापू गेले चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात, भोपाळच्या वायूच्या आठवड्यात. सारा पेपर भोपाळनं भरलेला, त्यांच्या निधनाच्या दोन ओळी आठव्या दिवशी आल्या. पाठोपाठ आई गेली, शैला गेली. विचारायचं कुणाला? पण बापूंची एक ट्रंक विजयाच्या माळ्यावर होती, आणि त्यात त्यांच्या रोजनिश्या. वर्षाला एक वही. पाठीवर सालाचे आकडे ठळक. तिनं पंचेचाळीसची वही काढली आणि उघडली.

सगळं मोडीत. दप्तरी घराण्याची सवय, बापू कलम न उचलता लिहायचे. पानभर नुसती वेटोळी. विजयाच्या वेळी शाळेत मोडी उरली नव्हती, तिला एक अक्षर लागेना. शहरात मोडी वाचणारे एक म्हातारे होते, ते चैत्रात वारले. ग्वाल्हेरला कुणी आहे म्हणाले, पण त्यांचे डोळे गेलेले. आणि मग तिला आठवलं की मोडी वाचणारं एक माणूस तिच्याच घरात रोज सकाळी तिच्या हातचा चहा पितं. देवासच्या दप्तरदारांनी लेकीला न्हाण येण्याआधी मोडी शिकवली होती.

बघा कसं असतं. पुरावा हातात, आणि तो वाचणार कोण, तर जिला फसवलं तीच. माईंपुढं वही ठेवायची तर आधी सांगायला हवं की मी अठ्ठेचाळीसची नाही, तुमच्या मुलाहून मोठी आहे, माझ्या बापानं तुम्हाला गंडवलं. चार दिवस विजया गिळलेला घास बाहेर काढत होती आणि पुन्हा गिळत होती. पण ती खुर्ची डोळ्यांपुढून हलेना. तेरा जूनला तिनं रजा घेतली.

दुपारची जेवणं झाली होती. माई खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या, सुहास टीव्ही बघत होता. विजयानं टीव्ही बंद केला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

सुहास आधी हसला. त्याला वाटलं बायको थट्टा करतेय. मग त्याचं तोंड पडलं. "म्हणजे मी तीस वर्षं पंधरा ऑगस्टला… आणि तू हसत होतीस?"

"काय करणार होते मी, अहो?"

माईंनी ताट बाजूला सारलं. रागावल्या नाहीत. तेच जास्त भयंकर होतं. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की जणू तीस वर्षं हरवलेली किल्ली सापडली. "तरीच," त्या म्हणाल्या. "तरीच पोर झालं नाही. मी म्हणायचे, माझ्या सुहासात तर खोट नाही. भाजी जून होती रे, बाबा. आपण कोवळी म्हणून आणली."

विजयाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. पण तिनं वही पुढं केली. "माई, काय बोलायचं ते बोला. एवढं एक पान वाचून द्या. मी तुमच्या पाया पडून सांगते."

"आण की. भिंग आण माझं."

माईंनी पान काढलं. तारखेचे आकडे विजयालाही कळत होते, तिनंच बोट ठेवलं होतं. पान वरपासून खालपर्यंत भरलेलं. माई सावकाश, शब्द चाखत वाचू लागल्या. "आज युरोपांतील युद्ध समाप्त. जर्मनी बिनशर्त शरण. कोठीवर रोषणाई. शाळांतून मुलांस पेढे…"

विजया पानावर वाकली होती. आता येईल, पुढच्या ओळीत.

"…सायंकाळीं धाकटीस कडेवर घेऊन रोषणाई पाहण्यास गेलों. दोन वर्षांची घोडी, परंतु भारी भित्री. फटाक्यांस भिऊन रडून हैराण केलें. दोन चापट्या दिल्या. अद्याप तिला सर्व ठकीच म्हणतात. आजच्या मुहूर्तावर नांव विजया ठरविलें." माईंनी भिंग खाली घेतलं. "कडेवर होतीस तू. दोन वर्षांची. चापट्या खाल्ल्यास."

विजयाला आधी कळेचना. नाव ठेवलं तो दिवस. जन्म नव्हे, नाव. आणि सांगता सांगता, पाहुण्यांना हसवता हसवता, बापूंनी दोन्ही एक करून टाकलं, आणि शेवटी त्यांनाही तेच खरं वाटायला लागलं असेल. गुरुजींनी वर्ष बरोबर लिहिलं होतं. सगळ्या जगात तो एक गुरुजीच खरं बोलला होता.

"त्रेचाळीसची वही असेल ना?" माई म्हणाल्या. आता त्यांना गोडी लागली होती.

विजयानं नाही म्हणायला हवं होतं. कुणीही शहाण्या बाईनं म्हटलं असतं. पण ती स्टुलावर चढली आणि स्वतःच्या हातानं वही काढून आणली. माईंनी मे चाळला, जून चाळला, आणि एका ठिकाणी भिंग थांबलं. पान जवळजवळ कोरं होतं.

"एकोणीस जून," माईंनी वाचलं. "आज विशेष बातमी नाहीं. आफ्रिकेंतील लढाई संपल्यापासून पेपर नीरस. दुपारीं कन्या झाली. दुसरी."

"पुढं?" विजयानं विचारलं.

"पुढं वीस जून आहे."

सुहास उठला. त्यानं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. "साडेतीन वर्षं," तो म्हणाला. "म्हणजे मी ताईशी संसार केला."

"मग नमस्कार कर की," माई म्हणाल्या. "वडील आहेत तुझ्याहून. वाकून कर." आणि सुहास, तीस वर्षं जिच्या पगारावर नाही तरी दहा वर्षं जिच्या पगारावर जेवला त्या बायकोपुढं, खरंच वाकला. पायांना हात लावला नाही, नुसता वाकला, आणि टीव्ही लावून बसला.

विजया तिथंच फरशीवर बसून राहिली. मेला तो आठ मे! जळो ते पेढे! तिला त्या वेळी खुर्ची आठवत नव्हती, ते कोरं पान दिसत होतं. आणि मग, माणूस किती हावरं असतं बघा, खुर्ची आठवली.

तिचं तोंड बघून माईंना कळलं. त्या जवळ सरकल्या, आवाज मऊ केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला नावानं हाक मारली. "विजया, बँकेतल्या त्या पोराला मोडी येते?"

"नाही."

"मग मी काय वाचलं ते त्याला कसं कळणार? मी लिहून देईन तेच खरं. आठ मेला कन्या झाली असं लिहिलं, खाली सही केली, तर कोण म्हातारीला खोटी म्हणतंय?"

विजयानं मान वर केली. तीस वर्षं या बाईनं तिला रडवलं होतं, आणि आता ही तारणार होती? तिचा विश्वास बसेना, पण बसवायचा होता. "खरंच द्याल लिहून?"

"तू माग तर खरी."

"द्या लिहून, माई," विजया म्हणाली. हात जोडले. "उपकार होतील. जन्मभर विसरणार नाही. दोन वर्षं, माई, फक्त दोन वर्षं. द्या ना लिहून." ती आणखीही बरंच बोलली. कागद आणला, पेन आणलं, माईंच्या मांडीवर ठेवलं.

माईंनी ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पेनाचं टोपण लावलं आणि तांदळाचं ताट पुन्हा मांडीवर ओढलं. "छे गं बाई. मी नाही खोटं लिहायची. तो धंदा तुमच्या सबनिसांचा. मला फक्त बघायचं होतं, मागतेस का."

चौदा जूनला विजयानं अर्ज मागं घेतला. विक्रांतनं कारण विचारलं नाही, त्याला उलट सुटल्यासारखं वाटलं असावं. तीस तारखेला शाल, श्रीफळ, समोसे झाले. दीक्षितांनी भाषणात सांगितलं की मॅडमनी कधी रजा घेतली नाही. काचेच्या केबिनकडे तिनं पाहिलं नाही. एक ऑगस्टला तिथं विक्रांत बसला.

दोन जुलैला, सोमवारी, सवयीनं, दहाला दहा कमी असताना तिनं साडी बदलली आणि दारापर्यंत गेली. चपलेत पाय घातला तेव्हा आठवलं. मागं माई खाटेवर बसल्या होत्या. समोर ट्रंक उघडी, बापूंच्या सगळ्या वह्या सालवार लावलेल्या. सुहासकडून खाली उतरवून घेतल्या असणार.

"कुठं निघालात? आता कसली घाई," माई म्हणाल्या. भिंग पुसून त्यांनी चव्वेचाळीसची वही मांडीवर घेतली. "या, बसा इथं. बघू या, तुमच्या बापानं आणखी कुठं तुमचं नाव लिहिलंय का."

विजयाला वाटलं, वह्या उचलाव्यात आणि बंबात घालाव्यात. तिनं चपला काढल्या. मग ती माईंच्या शेजारी जाऊन बसली, कारण तिलाही ते बघायचं होतं.